दीर्घकालीन मायलॉइड रक्तकर्करोग : उपचारांचे पर्याय आणि सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या संदर्भात उपचारसातत्याचा प्रश्न

सारांश

दीर्घकालीन मायलॉइड रक्तकर्करोग, म्हणजेच क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया किंवा सीएमएल, हा एकेकाळी काही वर्षांत मृत्यूकडे नेणारा रोग होता. २००१ नंतर तो रोज एक गोळी घेऊन आटोक्यात ठेवता येणारा रोग झाला. प्रस्तुत लेखात या रोगाचे स्वरूप, उपचारपद्धतींचा विकास, आज उपलब्ध असलेले पर्याय आणि त्यांची निवड कोणत्या निकषांवर होते याचा आढावा घेतला आहे. औषधाच्या किमतीसंबंधी भारतात झालेल्या न्यायालयीन संघर्षाचाही परामर्श घेतला आहे. ओरोस येथे मुख्यालय असलेल्या सिंधुदुर्गसारख्या जिल्ह्यात आज प्रश्न औषधाच्या अस्तित्वाचा नसून उपचाराच्या सातत्याचा आहे, असे प्रतिपादन लेखाच्या अखेरीस केले आहे.

बीजशब्द : रक्तकर्करोग, फिलाडेल्फिया गुणसूत्र, इमॅटिनिब, उपचारसातत्य, सिंधुदुर्ग.

१. प्रस्तावना

'रक्ताचा कर्करोग' हा शब्द उच्चारताच समाजमनात एकच चित्र उभे राहते : असाध्य आजार, केस गळणे, अमाप खर्च आणि अटळ शेवट. वस्तुतः रक्तकर्करोग हा एक रोग नसून अनेक भिन्न रोगांचा समूह आहे. त्यांची कारणे, गती आणि उपचार परस्परांहून फार वेगळे आहेत. सीएमएल हा त्यांपैकी एक. आधुनिक वैद्यकाने कर्करोगाविरुद्ध मिळविलेल्या सर्वांत स्पष्ट यशांमध्ये त्याची गणना होते. तरीही निदानाचा कागद हाती पडल्यावर अनेक कुटुंबे जुन्याच समजुतींच्या आधारे निर्णय घेतात. कोणी जमीन विकायला निघते, कोणी उपचारच नको म्हणते, तर कोणी गोळी सुरू करून बरे वाटताच ती सोडून देते. या तिन्ही निर्णयांमागे माहितीचा अभाव असतो.

पाश्चात्त्य देशांत हा रोग प्रामुख्याने उतारवयात आढळतो. भारतात मात्र रुग्णांचे सरासरी वय बरेच कमी, म्हणजे साधारणतः चाळिशीच्या आसपास असल्याचे रुग्णालयीन नोंदींवरून दिसते. कुटुंबाचा कर्ता पुरुष, लहान मुलांची आई, प्रसंगी महाविद्यालयीन विद्यार्थी हा येथील रुग्ण असतो. त्यामुळे हा विषय वैद्यकापुरता मर्यादित न राहता अर्थकारण, कायदा आणि समाजशास्त्र यांच्याशीही जोडला जातो.

२. रोगाचे स्वरूप

अस्थिमज्जेत रक्तपेशी तयार होतात. सीएमएलमध्ये अस्थिमज्जेतील एका मूळ पेशीत बिघाड होऊन पांढऱ्या पेशींची अनिर्बंध वाढ सुरू होते. निरोगी प्रौढ व्यक्तीच्या रक्तात दर मायक्रोलिटरमागे सुमारे ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात. या रोगात ही संख्या एक लाखाच्याही पुढे जाऊ शकते. १८४५ मध्ये एडिंबरो येथील जॉन ह्यूज बेनेट आणि बर्लिन येथील रुडॉल्फ फिर्खो यांनी स्वतंत्रपणे अशा रुग्णांचे वर्णन केले. 'पांढरे रक्त' या अर्थाचे 'ल्युकेमिया' हे नाव फिर्खो यांनी दिले.

रोगाचे मूळ कारण समजण्यास आणखी शतकभराहून अधिक काळ लागला. १९६० मध्ये पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे या रुग्णांच्या पेशींत एक असामान्य आखूड गुणसूत्र आढळले. त्यालाच पुढे 'फिलाडेल्फिया गुणसूत्र' असे नाव पडले. १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवून दिले की, क्रमांक ९ आणि क्रमांक २२ या दोन गुणसूत्रांचे तुकडे तुटून त्यांची अदलाबदल झाल्याने हे गुणसूत्र तयार होते. या अदलाबदलीत बीसीआर आणि एबीएल ही दोन जनुके एकमेकांना जोडली जातात. या जोडजनुकापासून तयार होणारे प्रथिन 'टायरोसिन कायनेज' या वर्गातील विकर असते. निरोगी पेशीत हे विकर गरजेनुसार चालू आणि बंद होते. जोडजनुकापासून तयार झालेले विकर मात्र सतत चालूच राहते आणि पेशीला विभाजनाचा आदेश अखंड देत राहते.

येथे दोन गोष्टी स्पष्ट करणे आवश्यक आहे. हा बिघाड जन्मानंतर अस्थिमज्जेतील एका पेशीत घडतो. तो आईवडिलांकडून येत नाही आणि अपत्यांकडेही जात नाही. तद्वतच हा रोग संसर्गजन्य नाही. तीव्र किरणोत्सर्गाचा संबंध हिरोशिमा आणि नागासाकी येथील अणुबाँबहल्ल्यांतून वाचलेल्यांच्या अभ्यासात दिसून आला. तथापि बहुसंख्य रुग्णांत कोणतेही बाह्य कारण सापडत नाही. म्हणून रुग्णाच्या भावंडांच्या विवाहात अडथळे आणण्यास किंवा रुग्णाचे ताटवाटी वेगळे करण्यास कोणताही शास्त्रीय आधार नाही.

३. लक्षणे आणि निदान

रोगाची सुरुवात संथ असते. थकवा, वजन घटणे, रात्री घाम येणे, थोडेसे खाल्ले तरी पोट भरल्यासारखे वाटणे आणि डाव्या बरगडीखाली जडपणा जाणवणे ही प्रमुख लक्षणे होत. हा जडपणा प्लीहा, म्हणजेच बोलीभाषेतील पाणथरी, वाढल्यामुळे येतो. हिवतापासारख्या आजारांतही प्लीहा वाढते. त्यामुळे पावसाळी तापांची सवय असलेल्या कोकणपट्टीत या लक्षणाकडे दुर्लक्ष होण्याचा संभव अधिक असतो. अनेक रुग्णांत तर कोणतेही लक्षण नसते. अन्य कारणासाठी केलेल्या साध्या रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतात आणि रोगाचा सुगावा लागतो.

संशयाची पहिली पायरी असलेली संपूर्ण रक्तगणना आणि रक्तपटलाची सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी तालुक्याच्या ठिकाणीही होऊ शकते. निदान निश्चित करण्यासाठी मात्र फिलाडेल्फिया गुणसूत्र किंवा बीसीआर–एबीएल जनुक दाखविणारी चाचणी अनिवार्य असते. रोग कोणत्या अवस्थेत आहे हे ठरविण्यासाठी अस्थिमज्जेचीही तपासणी केली जाते. परंपरेने या रोगाच्या दीर्घकालीन, वेगवान आणि स्फोटक अशा तीन अवस्था मानल्या जात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या वर्गीकरणात वेगवान अवस्था वेगळी ठेवलेली नाही. बहुसंख्य रुग्णांचे निदान दीर्घकालीन अवस्थेत होते आणि उपचारांचे यशही याच अवस्थेत सर्वाधिक असते. स्फोटक अवस्थेत हा रोग तीव्र रक्तकर्करोगासारखा वागतो आणि उपचार अत्यंत कठीण होतात. उपचाराचे खरे प्रयोजन रुग्णाला त्या अवस्थेपर्यंत जाऊ न देणे हे होय.

४. इमॅटिनिबपूर्व काळातील उपचार

एकोणिसाव्या शतकात या रोगावर सोमलाचे द्रावण दिले जाई. पुढे प्लीहेवर क्षकिरणांचा मारा करण्याची पद्धत आली. १९५० च्या दशकात बुसल्फान आणि त्यानंतर हायड्रॉक्सियुरिया ही औषधे आली. या औषधांनी पांढऱ्या पेशींची संख्या कमी होई आणि रुग्णाला आराम पडे. परंतु रोगाची मूळ वाटचाल थांबत नसे. निदानानंतर साधारणतः तीन ते सहा वर्षांत बहुतेक रुग्ण स्फोटक अवस्थेत जात. १९८० च्या दशकात आलेल्या इंटरफेरॉनमुळे काही रुग्णांत फिलाडेल्फिया गुणसूत्र असलेल्या पेशी प्रथमच घटलेल्या दिसल्या. मात्र नित्य इंजेक्शने, सततचा ताप आणि नैराश्य यांमुळे अनेकांना हा उपचार सोसवत नसे.

रोग समूळ बरा करण्याची क्षमता असलेला एकमेव पर्याय म्हणजे दुसऱ्या व्यक्तीच्या अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण. भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांच्या पुढाकाराने झाले. परंतु या उपचारासाठी जुळणारा दाता आवश्यक असतो आणि सख्खे भावंड पूर्णतः जुळण्याची शक्यता चारांत एक एवढीच असते. शिवाय दात्याच्या पेशी रुग्णाच्या अवयवांवरच हल्ला करण्याचा धोका असतो आणि काही रुग्ण प्रत्यारोपणामुळेच दगावतात. खर्चाचा विचार करता हा मार्ग सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरच होता.

५. इमॅटिनिब : उपचारातील क्रांती

रोगाचे मूळ एकाच विकरात असेल, तर तेवढेच विकर बंद करता येईल काय, या प्रश्नातून इमॅटिनिबचा जन्म झाला. निकोलस लायडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वित्झर्लंडमधील सिबा-गायगी कंपनीत, जी पुढे विलीनीकरणातून नोव्हार्टिस झाली, हा रेणू विकसित केला. अमेरिकेतील ब्रायन ड्रुकर यांनी तो रुग्णांपर्यंत नेला. विकराला कार्य करण्यासाठी एटीपी नावाचा ऊर्जावाहक रेणू लागतो. इमॅटिनिब नेमक्या त्या रेणूच्या जागी जाऊन बसते. कुलुपात दुसरीच किल्ली अडकवून ठेवावी, तसा हा प्रकार आहे. मे २००१ मध्ये अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली.

'आयरिस' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीत १,१०६ रुग्णांचा समावेश होता. तिचा दीर्घकालीन अहवाल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार इमॅटिनिबने उपचार सुरू केलेल्या रुग्णांपैकी सुमारे ८३ टक्के रुग्ण दहा वर्षांनंतर हयात होते. दीर्घकालीन अवस्थेत या औषधाची नेहमीची मात्रा दिवसातून एकदा ४०० मिलिग्रॅम असून ते जेवणासोबत भरपूर पाण्याबरोबर घ्यावयाचे असते. डोळ्यांभोवती सूज, पायांत गोळे येणे, मळमळ, जुलाब, पुरळ आणि त्वचेचा रंग उजळणे हे नेहमी आढळणारे दुष्परिणाम होत. बहुतेक दुष्परिणाम सोसण्याजोगे असतात आणि वैद्यकीय सल्ल्याने आटोक्यात ठेवता येतात.

अन्य औषधांशी होणाऱ्या आंतरक्रियांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन आणि अपस्मारावरील काही औषधे रक्तातील इमॅटिनिबचे प्रमाण घटवितात. उलट ग्रेपफ्रूटमुळे ते वाढू शकते. गणेशोत्सवाच्या दिवसांत कोकणात घरोघरी दिसणारे पपनस हे त्याच कुळातील फळ असल्याने रुग्णांनी तेही टाळणे श्रेयस्कर. गर्भारपणात या वर्गातील औषधे वर्ज्य मानली जातात. अपत्याची इच्छा असलेल्या स्त्रीने गर्भधारणेपूर्वीच तज्ज्ञांशी विचारविनिमय करणे आवश्यक ठरते.

६. नंतरच्या पिढीची औषधे आणि पर्यायांची निवड

काही रुग्णांत इमॅटिनिब अपुरे पडते किंवा सोसवत नाही. विकराच्या रचनेत उत्परिवर्तन झाल्यास औषधाला तेथे बसता येत नाही. अशा रुग्णांसाठी डॅसॅटिनिब (२००६), निलोटिनिब (२००७) आणि बोसुटिनिब (२०१२) ही दुसऱ्या पिढीची औषधे आली. कंसांतील वर्षे अमेरिकेतील पहिल्या मान्यतेची आहेत. ही औषधे अधिक प्रभावी असली तरी प्रत्येकाचे स्वतंत्र धोके आहेत. डॅसॅटिनिबमुळे फुप्फुसांभोवती पाणी साठू शकते. निलोटिनिब दिवसातून दोनदा उपाशीपोटी घ्यावे लागते. त्यामुळे रक्तशर्करा वाढू शकते आणि हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका संभवतो. बोसुटिनिबमुळे जुलाब आणि यकृताच्या तक्रारी उद्भवतात.

टी३१५आय या उत्परिवर्तनापुढे ही सर्व औषधे निष्प्रभ ठरतात. त्यावर पोनॅटिनिब (२०१२) उपयोगी पडते. परंतु रक्तवाहिन्यांत अडथळा निर्माण होण्याचा त्याचा धोका गंभीर आहे. २०२१ मध्ये मान्यता मिळालेले ॲसिमिनिब विकराच्या वेगळ्याच जागी जोडले जाते. त्यामुळे अन्य औषधांना न जुमानणाऱ्या रोगातही त्याचा उपयोग होतो.

नवे औषध ते उत्तम औषध, असा समज सर्वत्र आढळतो. येथे तो तपासून घ्यावा लागतो. डॅसॅटिनिब आणि निलोटिनिब यांची इमॅटिनिबशी थेट तुलना करणाऱ्या चाचण्यांत नव्या औषधांनी अधिक जलद आणि अधिक खोल परिणाम साधला. तथापि रुग्णांच्या एकूण जगण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही. म्हणून आरंभी कोणते औषध द्यावयाचे हे रुग्णाचे वय, प्लीहेचा आकार व रक्तचाचण्यांवरून काढलेली जोखीम, मधुमेह किंवा हृदयविकार यांसारखे सोबतचे आजार आणि औषध वर्षानुवर्षे परवडण्याची शक्यता यांवर ठरते. भारतातील बहुसंख्य रुग्णांसाठी इमॅटिनिब हा आजही योग्य प्रारंभ आहे. प्रत्यारोपणाचा मार्ग आता मुख्यत्वे स्फोटक अवस्थेतील आणि एकाहून अधिक औषधे निष्फळ ठरलेल्या रुग्णांसाठी राखून ठेवला जातो.

७. देखरेख आणि सातत्य

औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच रक्तगणना पूर्ववत होते आणि रुग्णाला बरे वाटू लागते. खरी परीक्षा येथूनच सुरू होते, कारण रोग डोळ्यांआड झाला तरी संपलेला नसतो. तो मोजण्यासाठी दर तीन महिन्यांनी रक्तातील बीसीआर–एबीएलचे प्रमाण पीसीआर तंत्राने तपासले जाते. सर्वमान्य टप्पे असे आहेत : तीन महिन्यांनंतर हे प्रमाण १० टक्के किंवा त्याहून कमी, सहा महिन्यांनंतर १ टक्का किंवा त्याहून कमी आणि बारा महिन्यांनंतर ०.१ टक्का किंवा त्याहून कमी असावे. टप्पा हुकल्यास प्रथम विचारावयाचा प्रश्न असतो, 'गोळ्या नियमित घेतल्या का?' त्यानंतरच उत्परिवर्तनाची चाचणी आणि औषधबदल यांचा विचार होतो.

हा प्रश्न औपचारिक नाही. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात ८७ रुग्णांवर केलेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ठरलेल्या मात्रेच्या ९० टक्क्यांहून अधिक औषध घेणाऱ्या रुग्णांपैकी सुमारे ९४ टक्क्यांनी ०.१ टक्क्याचा टप्पा गाठण्याची शक्यता आढळली. ९० टक्के किंवा त्याहून कमी औषध घेणाऱ्यांत ती सुमारे २८ टक्के होती. म्हणजे महिन्यातून तीन गोळ्या चुकल्या तरी उपचाराचे पारडे फिरू शकते.

अनेक वर्षे अतिशय खोल परिणाम टिकून असलेल्या निवडक रुग्णांत तज्ज्ञांच्या देखरेखीखाली औषध थांबविण्याचा प्रयत्न करता येतो. अशा रुग्णांपैकी साधारणतः निम्म्यांत रोग परतत नाही. मात्र त्यासाठी वारंवार आणि विश्वसनीय पीसीआर चाचणी उपलब्ध असणे ही पूर्वअट आहे. स्वतःच्या मनाने औषध सोडणे आणि देखरेखीखाली ते थांबविणे या सर्वस्वी भिन्न गोष्टी आहेत.

८. औषधाची किंमत : मुंबईतून उभा राहिलेला लढा

उपलब्ध औषध परवडणारे नसेल, तर रुग्णापुरते ते नसल्यासारखेच असते. मूळ कंपनीच्या इमॅटिनिबची भारतातील किंमत महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपये होती, तर भारतीय कंपन्यांचे तेच औषध सुमारे ८ ते १० हजार रुपयांत मिळत होते. नोव्हेंबर २००३ मध्ये मूळ कंपनीला भारतात विक्रीचे अनन्य हक्क मिळाले आणि स्वस्त औषधाच्या पुरवठ्यावर संकट आले. मद्रास उच्च न्यायालयाने काही भारतीय कंपन्यांविरुद्ध मनाईहुकूम दिला. मुंबई उच्च न्यायालयाने मात्र तसा हुकूम देण्यास नकार दिला.

मुंबईतील कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही संस्था भारतीय औषधकंपन्यांसह या पेटंटला विरोध करण्यासाठी पुढे आली. २००५ मध्ये पेटंट कायद्यात दुरुस्ती होऊन कलम ३(ड) चे आजचे स्वरूप अस्तित्वात आले. ज्ञात पदार्थाच्या नव्या रूपाने त्याची परिणामकारकता वाढत नसेल, तर त्या रूपाला पेटंट नाही, असे या कलमाचे सार आहे. जानेवारी २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. पुढे १ एप्रिल २०१३ रोजी न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या खंडपीठाने सर्वोच्च न्यायालयात कंपनीचे अपील फेटाळले. कंपनीने स्वतःच्या साहाय्य योजनेतून भारतातील हजारो रुग्णांना मोफत औषध दिले, हेही नोंदविले पाहिजे. परंतु दानावर अवलंबून असलेला उपचार आणि बाजारात आवाक्यातील किमतीत मिळणारा उपचार यांतील भेद या खटल्याने अधोरेखित केला. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने इमॅटिनिबचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. आज जनऔषधी केंद्रांच्या औषधयादीतही ते आहे.

९. सिंधुदुर्ग जिल्ह्याचा संदर्भ

१ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून वेगळ्या झालेल्या या आठ तालुक्यांच्या जिल्ह्यात गंभीर आजार म्हणजे प्रवास, असे समीकरण दीर्घकाळ रूढ आहे. दक्षिणेला गोव्याचे बांबोळी, घाटावर कोल्हापूर आणि बेळगाव, तर उत्तरेला मुंबई. टाटा स्मारक रुग्णालय ज्या परळ भागात आहे, तेथे गिरणगावाच्या काळापासून कोकणी माणसाची वस्ती आहे. चाकरमान्याची खोली किंवा दादरची गाडगे महाराज धर्मशाळा हा कित्येक रुग्णांचा आधार ठरला. २०१८ च्या आरंभापासून गोव्याच्या शासकीय रुग्णालयात परराज्यातील रुग्णांना शुल्क लागू झाले, तेव्हा दोडामार्ग–सावंतवाडी पट्ट्यात उमटलेली अस्वस्थता या परावलंबनाची निदर्शक होती. २०२१ मध्ये ओरोस येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही त्या दृष्टीने महत्त्वाची घटना होय.

सीएमएलचा विचार करता मात्र एक गोष्ट ध्यानात येते. या रोगाच्या बहुसंख्य रुग्णांना रुग्णालयातील खाटेची गरज नसते. त्यांना लागते ती रोजची गोळी आणि तीन महिन्यांनी एक चाचणी. मच्छीमार कुटुंबात १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात उत्पन्न आटते. आंबा-काजूच्या बागायतदाराच्या हाती पैसा येतो तो उन्हाळ्यात. पावसाळ्यात दरडी कोसळून घाटरस्ते बंद पडतात. उत्पन्न हंगामी आणि औषध मात्र बारमाही, अशी ही विसंगती आहे. गोळ्या चुकतात त्या बहुधा अशाच काळात. औषध आणण्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडवून परजिल्ह्यात जावे लागत असेल, तर उपचार खंडित होण्याचा दोष केवळ रुग्णाच्या निष्काळजीपणावर ढकलता येत नाही.

यावरील उपायही तितकेच व्यवहार्य आहेत. निदान आणि उपचाराची दिशा मोठ्या केंद्रात ठरावी. पुढील रक्तगणना आणि औषधवाटप जिल्हास्तरावर व्हावे. पीसीआर चाचणीसाठी रक्ताचा नमुना शक्यतो २४ ते ४८ तासांत प्रयोगशाळेत पोचावा लागतो. कोकण रेल्वे आणि महामार्ग उपलब्ध असताना ते अशक्य नाही. रुग्णाने प्रवास करण्याऐवजी त्याच्या नमुन्याने प्रवास करावा, हे सूत्र असावे. पावसाळ्यापूर्वी दोन-तीन महिन्यांच्या औषधाची तजवीज असावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. तिचा लाभ कोणत्या रुग्णालयात आणि कोणत्या कागदपत्रांवर मिळतो, ही माहिती निदानाच्या दिवशीच रुग्णाच्या हाती पडली पाहिजे.

१०. निष्कर्ष

सीएमएलच्या उपचारांचा इतिहास सोमलाच्या द्रावणापासून एका विकरावर नेमका प्रहार करणाऱ्या गोळीपर्यंत येऊन पोचला आहे. पर्याय अनेक आहेत आणि त्यांची निवड करण्याचे निकषही स्पष्ट आहेत. औषधाचे पेटंट नाकारले गेल्याने किमतीची मोठी भिंतही कोसळली. उरलेली अडचण शास्त्राची नसून व्यवस्थेची आणि जाणिवेची आहे. महाविद्यालयीन अध्यापकांचा या ठिकाणी थेट संबंध येतो. वर्गातील एखादा विद्यार्थी, त्याचा पालक किंवा स्वतःचा सहकारी या रोगाने ग्रस्त झाल्यास त्याला पहिला सल्ला अनेकदा शिक्षकच देतो. रोग अनुवंशिक नाही, बहुतेकांना काम किंवा शिक्षण सोडावे लागत नाही, जमीन विकण्याची घाई करू नये आणि बरे वाटले तरी गोळी थांबवू नये, एवढी चार वाक्ये त्या वेळी ठामपणे सांगता आली, तरी एका कुटुंबाची दिशा बदलू शकते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून रक्ततपासणीबरोबर ही माहिती पोचविणेही शक्य आहे. औषध शोधण्यास शास्त्राला दीडशेहून अधिक वर्षे लागली. ते रुग्णाच्या हाती महिन्यातील तीसही दिवस असावे, ही जबाबदारी आता समाजाची आहे.